खांद्यावर आडवा बांबू

मंडळी, या धाग्यावरचे सगळे अनुभव मी वाचतो. जेवताना मोबाईल तांब्याला टेकवून वाचतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद फ्लॅटमध्ये आपोआप चालू होणारा मिक्सर... वाचतो, हसतो आणि ताट धुवायला उठतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी मुळात घाबरट माणूस — गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारा. आणि घाबरट माणसाला खऱ्याच गोष्टींची भीती एवढी पुरून उरते की भुताखेतांना जागाच राहत नाही.

तरीही हे लिहितोय. कारण जे झालं ते भर दुपारी झालं, कडक उन्हात, आणि तेव्हा माझ्याबरोबर बोटीत चांगली शिकली-सवरलेली माणसं होती. माझं शिक्षण आठवीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या. टोमणे मारलेत तरी चालेल, पुण्यात इतकी वर्षं काढलीत, सवय आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. आम्ही ढिवर. मासे धरणं, शिंगाडे काढणं आणि घाटावर डोंगा चालवून माणसं पल्याड पोचवणं हे घरचं काम. डोंगा म्हणजे आमच्याकडची लाकडी नाव, लांब बांबूनं रेटत नेतात. पुढे नदीवर पूल झाला आणि डोंग्याला माणसं मिळेनाशी झाली. माझी शाळा त्याच सुमारास सुटली. गावातला एक जण पुण्यात बांधकामावर होता, त्याच्यामागे मीही आलो. खराडीत तेव्हा आयटीच्या काचेच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या. आधी त्या बांधायला सिमेंट वाहिलं, मग त्यातल्याच एकीत हाउसकीपिंगला लागलो. फरशी पुसायची, मीटिंग संपली की कप उचलायचे. राहायला बिबवेवाडीत, आमच्याकडच्याच पोरांबरोबर एका खोलीत.

त्या कंपनीनं एकदा लोकांना मुळशीच्या तलावावर नेलं, टीम बिल्डिंगसाठी. मी नाश्त्याच्या डब्यांबरोबर होतो. कार्यक्रम दाते सरांचा होता, ते अशा साहसी सहली काढतात. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर त्यांचं छोटं ऑफिस. आयुष्य डोंगरात गेलेलं, बोलणं वाळल्या मिरचीसारखं. अचानक वारा सुटला आणि एक रबरी बोट माणसांसकट आत सरकायला लागली. बोटीतल्यांना वल्हवता येईना, सगळे एकदमच ओरडायला लागले. मी काही विचार न करता कपड्यांनिशी पाण्यात गेलो आणि बोटीची दोरी दातात धरून ती काठाला आणली. वर आलो तर दाते सर समोर उभे.

"पोहायला कुठं शिकलास?"

"शिकलो नाही सर. लहानपणी पडलो होतो."

"बरं झालं. शिकला असतास तर आधी कोणाची तरी परवानगी मागितली असतीस. सोमवारी ऑफिसात ये."

त्या सोमवारचे उपकार मी कधी फेडू शकेन असं वाटत नाही. सरांनी मला कोलाडला ठेवलं, राफ्टिंग शिकवलं, पुढे हृषीकेशला कोर्सला पाठवलं. मला कावीळ झाली तेव्हा त्यांच्या घरून महिनाभर डबा आला. हे सगळं सांगतोय कारण, जे घडलं त्यात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल तर ती नदीची नाही... सरांनी टाकलेला विश्वास माझ्या हातून बुडेल याची.

तर, झंस्कार.

लडाखमधली ही नदी. वाळवंट म्हटलं की आपल्याला उंट आठवतो, पण तेही वाळवंटच आहे, फक्त थंड. गवताची काडी दिसत नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे — कुठं जांभळे, कुठं हिरवट, कुठं जळलेल्या भाकरीसारखे काळे — आणि मधून नदी. पाण्याचा रंग सिमेंट कालवल्यासारखा. ते बर्फाचं पाणी असतं, हात बुडवला की थोड्या वेळानं बोटं आपली राहत नाहीत. एकदा त्या दरीत शिरलात की बाहेर यायला रस्ता नाही. काठावरच्या वाळूत तंबू टाकत, दिवसामागून दिवस नदीबरोबरच पुढे जायचं, ते थेट चिलिंग नावाच्या गावाशी गाडीरस्ता लागेपर्यंत.

खराडीतल्या एका कंपनीचा ग्रुप होता. तेव्हा आयटीत नोकऱ्यांची चंगळ होती. अशा ट्रिपांना कंपन्या हौसेनं माणसं पाठवायच्या. दोन राफ्ट. पुढची टेक दाजूंची. ते नेपाळचे (दाजू म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ), आमच्या ट्रिपचे प्रमुख, त्यांनी ही नदी कितीदा उतरलीय ते त्यांनाच माहीत नसेल. मागची राफ्ट पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या हातात. निघताना दाते सर म्हणाले होते, "मागची नीट आणलीस तर पुढच्या वर्षापासून तू गाईड. नाही आणलीस तर स्वयंपाकाच्या तंबूत तुझी जागा आहेच. भाजी बरी करतोस."

माझ्या राफ्टमध्ये रोहन सर होते — तिशीतले, टीम लीड, तोंड एक मिनिट बंद नाही — आणि त्यांच्या मॅनेजर मंजिरी मॅडम. आणखी तिघं-चौघं. मॅडम पंचेचाळीसच्या आसपासच्या, शांत. मला "अहो धनराज" म्हणायच्या. ज्या ऑफिसात मी कप उचलले तिथं मला अहो-जाहो कोणी केलं नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना समजावत होतो, पाण्यात पडलात तर पोहायची धडपड करू नका, पाय पुढे करून उताणे पडून राहा, आपोआप काठाला लागाल.

रोहन सर म्हणाले, "म्हणजे अप्रेझलच्या वेळी करतो तसं."

"आणि तिथंही काठ लागतोच," मॅडम म्हणाल्या. सगळी राफ्ट हसली.

दरीतला शेवटचा दिवस. सकाळी निघताना सगळ्यांचे हात-खांदे भरून आले होते. रोज वल्हवून दुसरं काय होणार? बामची बाटली या हातातून त्या हातात फिरत होती. मॅडमही डाव्या दंडाला चोळत होत्या. रोहन सर त्यांनाही सोडेनात. "मॅडम, कीबोर्डवर वाढलेले हात आहेत. कुरकुरणारच." त्याही हसल्या. माझं लक्ष राफ्टच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा आवळण्यात. दरीत शेवटचा मोठा रॅपिड बाकी होता — दगडांवरून नदी जिथं फेसाळत, उसळ्या मारत खाली कोसळते ती जागा. तेवढा पार केला की चिलिंगपर्यंत सरळ पाणी.

तिथं नदी उजवीकडे झपकन वळते. वरून आत काय चाललंय ते दिसतच नाही. म्हणून नियम असा — पहिली राफ्ट आधी खाली जाते. तिचा गाईड खालच्या मोठ्या दगडावर चढून पॅडल दाखवतो. पॅडल उभं धरलं म्हणजे या. आडवं धरलं म्हणजे थांबा. मागच्यानं फक्त ते बघायचं. तिथं स्वतःची अक्कल चालवायची नाही, कारण त्याला दिसतंय आणि तुम्हाला दिसत नाही. कोर्सला सगळ्यात आधी हेच शिकवतात.

टेक दाजूंची राफ्ट वळणाआड गेली. आम्ही वरच्या संथ पाण्यात थांबलो. थोड्या वेळानं लांब खाली, दगडावर, लाल हेल्मेट दिसलं. पॅडल वर गेलं. उभं. सरळ उभं, शंका घ्यायला जागाच नाही.

मी ओरडलो, "फॉरवर्ड!" सगळ्यांनी वल्ही मारली. राफ्ट प्रवाहात शिरली, पाण्यानं ती पकडली. आणि मी समोर बघितलं...

पल्याडच्या कड्यावर, पाण्यापासून थोडं वर, दगडाची एक अरुंद पायरी होती. तिथं माणूस उभा होता. उघडा, काळा, कमरेला काहीतरी गुंडाळलेलं. मानेमागं, दोन्ही खांद्यांवर आडवा बांबू आणि त्यावरून लोंबणारे दोन्ही हात.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या घाटावर पूर आला की पल्याडच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. म्हणून पल्याडचा माणूस असाच उभा राहायचा. बांबू मानेमागं घेऊन, हात लोंबते सोडून, डोंग्याकडे तोंड करून. त्याचा अर्थ — येऊ नको, माणसं काठाला उतरव. का, ते नंतर विचारायचं. डोंगेवाल्यानं ते बघितलं की आपला बांबू पाण्यातून काढून डोंग्यात आडवा ठेवायचा. म्हणजे दिसलं, येत नाही. तो खाली ठेवलेला बघितला की मगच पल्याडचा आपला बांबू उतरवायचा. हे मी आमच्या दोन-चार गावांबाहेर कुठं पाहिलेलं नाही. लडाखात तर बांबूच होत नाही.

मला विचार करायला वेळ मिळालाच नाही. रोहन सर पुढून म्हणाले, "अरे, तो बघ! पोझ देतोय!" आणि त्यांनी गंमत म्हणून स्वतःचं पॅडल मानेमागं घेऊन हात त्यावर टाकले, अगदी तसेच. माझ्या समोर दोन माणसं अगदी सारखी. एक कड्यावर, एक माझ्या राफ्टमध्ये...

आणि मी माझं पॅडल पाण्यातून काढलं आणि मांडीवर आडवं ठेवलं.

राफ्टिंग ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर हे वाचून काटा येईल. रॅपिडच्या तोंडाशी गाईडनं वल्हं सोडायचं म्हणजे चालत्या बसच्या ड्रायव्हरनं स्टेअरिंग सोडून हात जोडण्यासारखं. कोणीतरी किंचाळलं, "दादा, पॅडल! पॅडल!"

कड्यावरच्या माणसानं मानेमागचा बांबू उचलला, डोक्यावरून पुढे घेतला आणि खाली टेकवला. सावकाश. आमचे लोक टेकवतात तसा.

मग मला जाग आल्यासारखं झालं. पॅडल धरलं आणि जीव तोडून ओरडलो, "बॅक! बॅक! डावीकडे!" बिचाऱ्यांनी जे काय बळ होतं ते लावलं. राफ्ट आडवी झाली, एका दगडाला घासली, आणि डाव्या काठालगतच्या थांबलेल्या पाण्यात कशीबशी शिरली. मी उडी मारून दोरी दगडाला बांधली. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

वर बघितलं. पायरीवर कोणी नव्हतं. त्या पायरीला वरून यायला वाट नाही, खालून चढायला वाट नाही, आणि लपायला झुडूपही नाही.

टेक दाजू काठाकाठानं दगडांवरून उड्या मारत वर आले. रागानं चेहरा लाल.

"क्यूँ रोका? मैंने पैडल ऊपर किया था ना?"

"हाँ दाजू."

"देखा था?"

"देखा था."

"तो?"

मी पल्याड बोट दाखवलं. म्हटलं, उधर आदमी था, रुकने को बोला. त्यांनी त्या कड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "वहाँ बकरी भी नहीं जाती, धनराज."

मग ते राफ्टकडे वळले. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. टेक दाजूंचा स्वतःचा एक नियम आहे, घाबरलेल्या माणसाला रॅपिडमध्ये बसवायचं नाही. म्हणाले, तुम्ही सगळे काठानं चालत खाली या, राफ्ट मी आणि हा घेऊन येतो.

आम्ही दोघं ती रिकामी राफ्ट घेऊन उतरलो. मंडळी, त्या पाण्यात काहीही नव्हतं. एकही वाईट लाट नाही, कुठं दरड कोसळलेली नाही. राफ्ट पानासारखी खाली आली. मी मनातल्या मनात स्वयंपाकाच्या तंबूत परत गेलोसुद्धा. दाते सरांना काय सांगू, हेच डोक्यात.

खाली येऊन बघतो तर चालत येणारी माणसं मध्येच थांबलेली. मंजिरी मॅडम दगडाला टेकून वाळूत बसल्या होत्या. दरदरून घाम. त्या गार वाऱ्यात! ओठ राखेसारखे झालेले. उलटी झाली होती. डावा हात उजव्या हातानं धरलेला. रोहन सर त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून नुसतं "मॅडम... मॅडम..." करत होते, पहिल्यांदाच त्यांना पुढचा शब्द सुचत नव्हता.

टेक दाजूंनी एक नजर टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दिल." त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतली गोळी चघळायला दिली, ऑक्सिजन लावला. मॅडम तुटक तुटक बोलल्या तेव्हा कळलं, हात कालपासून दुखत होता, छातीतही आवळल्यासारखं होत होतं. "सगळ्यांचेच हात दुखत होते हो... मला वाटलं तेच."

"बोललात का नाही?" रोहन सर जवळजवळ रडत म्हणाले.

"मॅनेजर कुरकुरली तर टीम काय करेल?"

आम्ही त्यांना राफ्टमध्ये पिशव्यांवर निजवलं. पुढचं पाणी सरळ होतं. चिलिंगला गाडी उभीच होती. लेहच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथून पुढे विमानानं पुण्याला. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी टेक दाजूंना विचारलं, त्रास वाढला तेव्हा या कुठं होत्या? दाजू म्हणाले, काठावर. डॉक्टर म्हणाले, नशीब.

त्या बर्फाच्या पाण्याची पहिली लाट अंगावर आली की धडधाकट माणसाचाही श्वास अडकतो. त्या राफ्टमध्ये असत्या तर... टेक दाजूंनी त्या दिवसापासून मला "क्यूँ रोका" हे पुन्हा कधी विचारलं नाही.

माझ्या मनात मात्र वेगळंच. अशा गोष्टींमध्ये पुढे काय होतं ते मी या धाग्यावर वाचलेलं नव्हतं तेव्हा, पण ऐकलेलं होतं: जो दिसतो तो नेमका त्याच वेळी घरी गेलेला असतो, आपल्याच माणसांपैकी कोणीतरी. दुसऱ्या दिवशी लेहच्या बाजारातून गावातल्या दुकानाच्या फोनवर फोन लावला. बाबांना बोलावून आणेपर्यंत मी फोन कानाला लावूनच उभा.

"हॅलो, कोन?"

"बाबा, मी धनराज."

"काय झालं बे? मेला-गिला का कोनी?"

"नाही जी. तुमची तब्येत बरी हाये ना? काल दोपारी कुठी होते तुमी?"

"कुठी राहीन? पारावर झोपलो होतो. काहून? तू पोलिसात लागला का?"

मला हसू आलं आणि रडूही. मग त्यांना सगळं सांगितलं. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तू खाली ठेवला का बांबू?"

"वल्हं होतं. ठेवलं."

"मंग त्यानं उतरवला?"

"हाव."

"सवाऱ्या उतरवल्या ना तू?"

"हाव जी. पन तो कोन होता बाबा?"

"काहाले पायजे ते? आपून घाटावर कधी नाव इचारत होतो का कोनाचं?" आणि त्यांनी फोन दुकानदाराच्या हातात दिला. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझा संपला नाही. पुण्यात आल्यावर दाते सरांसमोर उभा राहिलो. खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो — पट्टा सुटला, दोरी अडकली, असं काहीतरी. पण त्यांच्यासमोर ते जमलं नाही. कड्यावरचा माणूस, बांबू, सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"तू सकाळी बाईंना बाम चोळताना पाहिलंस?"

"हो सर."

"मग डोळ्यांनी पाहिलं असशील, डोक्याला कळायला उशीर झाला. भीती वाटली की माणसाला घरचंच काहीतरी दिसतं."

"पण सर, रोहन सरांनाही दिसला. त्यांनी तशीच पोझ घेतली."

"रोहनच्या डोक्यात काय चालतं याची जबाबदारी मी घेत नाही." मग म्हणाले, "तू टेकचा इशारा मोडलास. मागचा माणूस पुढच्याचं ऐकणार नसेल तर नदीवर कोणी जगायचं नाही. तुझं काय करायचं ते बघतो."

बघतो म्हणाले आणि पावसाळा संपला, दिवाळी गेली, थंडी गेली. मी कोलाडला दोऱ्या धुतल्या, राफ्टचे पंक्चर काढले, भाजी केली. विचारायची हिंमत झाली नाही.

मध्ये एकदा मंजिरी मॅडम ऑफिसात आल्या. ऑपरेशन होऊन बऱ्या झालेल्या, जरा वाळलेल्या. माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो धनराज, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "मला कळलं नव्हतं मॅडम. खरंच नव्हतं." त्यांना काहीही दिसलं नव्हतं, त्या वेळी डोळे मिटूनच बसल्या होत्या म्हणाल्या. आभार मानायला लागल्या तर मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो. दुसऱ्या कोणाचे तरी आभार आपण खिशात घालतोय असं वाटत होतं.

रोहन सर पुढे परदेशात गेले. जाण्याआधी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "दिसला होता रे. मला वाटलं धनगर आहे तिकडचा कोणीतरी." मग थोड्या वेळानं, "का दगड होता? शपथेवर विचारशील तर माहीत नाही." त्यांना मी दोष देत नाही. मला स्वतःला रोज तेवढीच खात्री असते असं नाही. ऊन होतं, पाण्याची तिरीप होती, मी घाबरलेला होतो. हे सगळं मान्य. पण त्यानं बांबू उतरवला. माझं पॅडल खाली ठेवलेलं बघून मगच उतरवला. दगड उत्तर देत नाही. इथं कोणाकडे याचं काही कारण असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. माझ्याकडे आजपर्यंत एकही नाही.

उन्हाळ्यात दाते सरांनी बोलावलं. "मागची राफ्ट तुझी," म्हणाले. "एवढ्यात आनंद नको. अट आहे. वाटलं तर थांब. दहादा थांब. पण 'मला थांबावंसं वाटलं' असं सांगायचं. पल्याडच्या कोणाचं नाव पुढे करायचं नाही. निर्णय तुझा, शिव्याही तुझ्या. जमेल?"

जमेल म्हणालो. जमेल की नाही याची खात्री नव्हती.

तोच रॅपिड, तसंच ऊन. टेक दाजू खाली जाण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाले, "इस बार कोई दिखे तो मुझे भी दिखाना." वरच्या संथ पाण्यात राफ्ट धरून मी पल्याडच्या पायरीकडे बघत राहिलो. कितीतरी वेळ. ती रिकामी होती. खाली टेक दाजूंचं पॅडल उभं झालं होतं. या. राफ्टमधली सगळी नवीन पोरं-पोरी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला कळलं की आता सांगणारं कोणी नाही. जे बघायचं ते या बाजूलाच बघायला लागणार.

मी पॅडल मांडीवर ठेवलं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "कोणाला काही होतंय का? दुखतंय-खुपतंय? लाजू नका, खरं सांगा. थांबायचं असेल तर थांबू, कोणी काही म्हणणार नाही."

पुढच्या कोपऱ्यातून चष्मेवाल्या एका पोरानं अर्धा हात वर केला.

"दादा... दाढ दुखतेय. कालपासून."

"छातीत? हातात?"

"नाही नाही. फक्त दाढ."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. ओठ गुलाबी होते. गाल थोडा सुजला होता. श्वास सरळ चालला होता.

"दाढ चालेल," मी म्हटलं. "फॉरवर्ड!"